पुढे चालू की नव्याने

संजीवनी स्टुलावर उभी राहून पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकवत होती, तेव्हा दारावर कोणीतरी हलकेच टकटक केलं. बेल असताना टकटक करणारी माणसं हेंद्रेपाड्यात आता फारशी उरलेली नाहीत. एक पडदा खांद्यावर, दुसरा अर्धा दांडीवर, अशीच ती उतरली आणि तिने दार उघडलं.

बाहेर तिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. इस्त्रीचा आकाशी ड्रेस, तेल लावून घट्ट बांधलेले केस, छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल. चपला तिने आधीच काढून पायपुसण्याच्या कडेला ठेवल्या होत्या.

"मी स्वप्नाली. सोनिवलीहून आले. आज तारीख आहे."

"कसली तारीख?"

"चौकशीची." बाईने मान खाली घातली. "नाक्यावर साहेबांचा बॅनर बघितला, ताई. आत्ता येताना. मला खरंच माहीत नव्हतं. वाटलं, परत फिरावं. पण नोटिशीत छापलेलं असतं ना, गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय. म्हटलं, जाऊन उभं तरी राहावं."

श्रद्धांजलीचा तो बॅनर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी लावला होता. बाबांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, मागे छापणाऱ्याने घातलेलं निळं आभाळ आणि त्यात उडणारी पांढरी कबुतरं. बाबांना कबुतरांचा भयंकर राग होता. गॅलरीला जाळी लावून मिळावी म्हणून त्यांनी सोसायटीशी वर्षभर पत्रव्यवहार केला होता.

आता गैरहजेरी लावणार तरी कोण, असं संजीवनीच्या ओठांवर आलं. ती म्हणाली, "या ना, आत या."

"नको. ते दुसरे आले की येते."

आणि स्वप्नाली जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. संजीवनीने आग्रह केला नाही. हा नियम कोणाचा होता ते तिला माहीत होतं.

बाबा, म्हणजे हिंदुराव, कामगार खात्यातून निवृत्त झाले आणि परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेने त्यांना चौकशी अधिकाऱ्यांच्या यादीवर घेतलं. एखाद्या नर्सविरुद्ध तक्रार आली की परिषद या यादीतल्या कोणाची तरी नेमणूक करते. तो दोन्ही बाजू ऐकतो, जबाब लिहून घेतो, अहवाल देतो, आणि त्या अहवालावर त्या बाईची नोंदणी राहते किंवा जाते. नेमणुकीसाठी पहिला फोन आला तेव्हा हिंदुराव बनियनवर बसले होते. "एक मिनिट थांबा," असं म्हणून त्यांनी सदरा घातला, वरचं बटण लावलं आणि मगच होकार दिला. आई तेव्हा होती. पुढे कितीतरी दिवस ती आल्यागेल्याला हे सांगून हसत असे.

नेमणूक त्यांनी जरा जास्तच मनावर घेतली होती. एका प्रकरणातल्या नर्सचा दीर त्यांचा दूधवाला निघाला. त्यांनी परिषदेला तसं लेखी कळवलं, परिषदेने हरकत नाही म्हटलं, तरी चौकशी संपेपर्यंत घरात पिशवीचं दूध आलं. "अपचारी" हा चौकशीतल्या नर्ससाठीचा सरकारी शब्द त्यांना आवडत नसे. कागदावर ठीक आहे, तोंडावर नाही, म्हणत. तोंडावर ते फक्त "बाई" म्हणायचे.

गुडघे पार गेल्यावर परिषदेने त्यांना तळमजल्यावरच्या या घरीच सुनावणी घ्यायची परवानगी दिली. सुनावणीच्या दिवशी टीव्हीवर चादर पडे. जेवणाच्या टेबलावरून लोणच्याची बरणी आत जाई. कोणाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून खुर्च्या इकडच्या तिकडे होत. एक बाजू आलेली असेल आणि दुसरी नसेल, तर आलेल्याने बाहेर थांबायचं. पाणीसुद्धा दोघांना एकाच वेळी. संजीवनी उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवते आणि अंबरनाथ पश्चिमेला राहते; त्या दिवशी ती रजा टाकून चहा करायला यायची, आणि चहा टेबलावर पोचला की बाबा तिला आतल्या खोलीत पाठवून दार लावून घ्यायला सांगायचे. आत बसून ती वह्या तपासायची. संध्याकाळी विचारलं, काय झालं हो, तर उत्तर ठरलेलं असायचं.

"चहा चांगला झाला होता."

बाबांना जाऊन महिना होऊन गेला होता. आज ती घर आवरायला आली होती. तिने खांद्यावरचा पडदा घडी न घालता तसाच सोफ्यावर टाकला आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या पुसायला घेतल्या.

थोड्या वेळाने स्कूटर थांबल्याचा आवाज आला. चाळिशीतला एक माणूस, अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. स्वप्नाली पायरीवरून उठून उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकाच वेळी उंबरा ओलांडला.

"राजेंद्र," तो म्हणाला. "रखमाबाईंचा मुलगा. तक्रार माझी आहे. बॅनर बघितला, ताई. पण हाफ डे टाकला होता. आणि तारीख म्हणजे तारीख."

भिंतीला टेकवलेल्या बाबांच्या फोटोसमोर दोघे थांबले. हार कालचा होता. राजेंद्र वाकता वाकता थबकला.

"पाया पडलं तर चालेल ना आता? मागे एकदा पडायला गेलो तर साहेब केवढ्याने ओरडले होते. तक्रारदाराने अधिकाऱ्याच्या पाया पडायचं नाही म्हणून."

"पडा," संजीवनी म्हणाली. "आता काही बोलणार नाहीत."

तो वाकला. स्वप्नालीने नुसते हात जोडले, आणि मग, कदाचित दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून, तीही वाकली.

तेवढ्यात दारातूनच आवाज आला, "अरे वा, सगळे हजर! कोरम पूर्ण." आणि लगेच जीभ चावल्यासारखं, "सॉरी ताई. सवय."

हे नरेंद्र. परिषदेच्या बाजूने प्रकरण मांडणारे, म्हणजे सादरकर्ता अधिकारी. बाबांच्या अंत्यविधीला ते आले होते आणि सगळ्यांत शेवटी गेले होते. त्यांनी हेल्मेट टीव्हीजवळ ठेवलं, रुमालाने मान पुसली.

"तारीख रद्द झाल्याची पत्रं मी पाठवली होती दोघांना. पोस्टाने."

"मला नाही मिळालं," राजेंद्र म्हणाला.

"मिळेल की. पोस्टच आहे ते. बरं झालं पण, आलात. मी आज साहेबांकडचं दप्तर न्यायला आलो होतो, तुम्हा दोघांकडेही यायचंच होतं, माझ्या दोन चकरा वाचल्या."

संजीवनीने आतून दप्तर आणून टेबलावर ठेवलं. तांबड्या कापडात बांधलेलं, गाठ बाबांच्या हातची. उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये मास्कआडून बाबांनी जे काही मोजकं विचारलं होतं, त्यात याचीही विचारपूस होती. कपाट लावलंयस ना? लावलंय, बाबा. किल्ली? माझ्याकडे आहे. या चौकशीतले सगळे जबाब त्यांनी ऐकून संपवले होते. दोघांना शेवटचं काही म्हणायचंय का ते आजच्या तारखेला विचारून अहवाल लिहायचा, एवढंच राहिलं होतं.

नरेंद्र खुर्ची ओढून बसले. "ऐका, आता नीट सांगतो. सोमवारी नवीन चौकशी अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश निघणार. यादीत पहिलं नाव ठाण्याच्या एका रिटायर्ड जजसाहेबांचं आहे. फास्ट माणूस. एका बैठकीत प्रकरण उडवतात. म्हणजे संपवतात. तर आदेशात एक ओळ घालायची असते. चौकशी पुढे चालू, किंवा नव्याने. पुढे चालू म्हणजे हिंदुराव साहेबांनी घेतलेले जबाब तसेच धरायचे आणि नव्या साहेबांनी नुसता अहवाल द्यायचा. महिन्याभरात निकाल. नव्याने म्हणजे पहिल्यापासून. हे सगळं बाजूला, परत नोटिसा, परत साक्षीदार. वर्ष कुठं गेलं कळणार नाही. पुढे चालू हवं तर दोघांची सही लागते."

"माझी आहे," स्वप्नाली लगेच म्हणाली. फाइलमधून तिने पेनही काढलं.

"माझी नाही," राजेंद्र म्हणाला. "नव्याने होऊ दे."

बाहेर भाजीवाला गवार, गवार असं ओरडत गेला.

"दादा," स्वप्नालीचा आवाज खाली आला होता, "नोंदणी थांबवलीय तेव्हापासून मला कोणी साधं बीपी बघायला ठेवत नाही. एमआयडीसीत पॅकिंगला जाते मी. अजून वर्ष?"

"मी काय तुमची नोकरी खायला निघालोय का?"

"मग कशाला ताणताय, राजेंद्रभाऊ?" नरेंद्र म्हणाले. "आरोप काय, तुमच्या आई गेल्या त्या वेळी सिस्टर जागेवर नव्हत्या. त्यावर दोन्हीकडचे जबाब झाले. आयाबाईची साक्ष झाली. आता काय राहिलंय?"

संजीवनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या खोलीत अशा वेळी थांबायची तिला सवय नव्हती. पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळत होते. तरी ती पुढे आली आणि तिने त्या तांबड्या गाठोड्यावर हात ठेवला.

"मला यात काही अधिकार नाही," ती म्हणाली. "पण बाबांनी हॉस्पिटलमध्येसुद्धा याची आठवण काढली होती. त्यांचं शेवटचं काम आहे हे. ते असं बाजूला पडू नये, एवढंच मला वाटतं."

आपला आवाज एवढा विनवणीचा येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

"ताई, साहेब देवमाणूस होते," राजेंद्र म्हणाला. "माझी आई खेडवळ बोलायची, तर मी तिचं बोलणं सांगताना शुद्ध करून सांगायचो. साहेब म्हणायचे, नका करू शुद्ध, ती बोलली तसंच सांगा. असं कोण म्हणतं? पण माझा एक प्रश्न त्यांनी घेतला नाही. तो मला नव्या साहेबांसमोर विचारायचाय. बाकी माझं काही नाही."

"अहो, तो प्रश्न आरोपात बसत नव्हता," नरेंद्र म्हणाले.

"मग कशात बसतो?"

नरेंद्रांनी कपाळाला हात लावला. मग बॅग उघडून ते कागद शोधू लागले, एकदा शोधून झाल्यावर पुन्हा पहिल्या कप्प्यापासून. "घ्या. संमतीची एकच प्रत आणलीय मी. तीन लागतात. नाक्यावर झेरॉक्स काढून येतो. तोवर डोकं थंड करा जरा." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "ताई, तुम्ही बसा इथेच. दोन पक्षांना एकटं सोडलं तर साहेब वरून ओरडतील मला."

ते गेले. संजीवनी आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आली. ट्रेमधून एकेक उचलून द्यायच्या ऐवजी दोन्ही हातांत एकेक धरून तिने ते एकदम टेबलावर ठेवले. राजेंद्रच्या ते लक्षात आलं असावं. तो किंचित हसला.

पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला.

"विचारू का?" तो म्हणाला. बघत तो संजीवनीकडे होता.

"मला काय विचारता? मी कोणी नाही."

"म्हणूनच." तो स्वप्नालीकडे वळला. चौकशीत बहुधा हे दोघे एकमेकांशी थेट बोललेच नव्हते. जे बोलायचं ते अधिकाऱ्याकडे बघून. "सिस्टर, माझी आई शेवटचं काय बोलली?"

स्वप्नालीने फाइलचा रबरबँड ओढला आणि सोडला.

"त्या दिवशी मी हेच विचारलं," राजेंद्र संजीवनीला म्हणाला. "साहेबांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ यांच्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, ह्याचं उत्तर इथे नको. मला राग आला, ताई. आई गेली त्या रात्री माझी रात्रपाळी होती. मी कामावर होतो. मला दुसरं कोण सांगणार?"

"पंखा कमी कर, म्हणाल्या," स्वप्नाली म्हणाली.

"काय?"

"पंखा कमी कर गो बाय, म्हणाल्या. मी म्हटलं, आले हं आजी." ती थांबली. तिचा अंगठा रबरबँडखाली अडकला होता, तो तिने सोडवला नाही. "दारातूनच म्हटलं. समोरच्या खोलीत एक बाळंतीण होती. तिला रक्त जायला लागलेलं. त्या रात्री आमच्यातली दुसरी सिस्टर आलीच नव्हती, मी एकटीच. मी तिकडे धावले. परत आले तेव्हा पंखा तसाच फिरत होता. मी आधी पंखा कमी केला, दादा. मग आजींकडे बघितलं."

संजीवनी जवळच्या खुर्चीवर बसली.

"म्हणजे जवळ कोणी नव्हतं," राजेंद्र म्हणाला.

"नव्हतं."

"जबाबात तर तुम्ही..."

"लिहून दिलंय. पूर्ण वेळ जागेवर होते म्हणून. हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, तू एवढंच बोल, बाकीचं आम्ही बघतो. रात्री एकच नर्स ठेवली होती हे त्यांना बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. आयाबाईलाही तेच सांगितलं. मग नोटीस आल्यावर कोणी बघितलं नाही माझ्याकडे." तिने मान वर केली. "तुमच्या प्रश्नाला त्या दिवशी मला खोटं बोलावं लागलं असतं, दादा. आईच्या शेवटच्या बोलण्याचं खोटं. मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं काय सांगायचं. तुमचं नाव घेतलं, असं."

राजेंद्रने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. वरच्या मजल्यावर कुकरची शिटी वाजली.

आणि मग तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत.

"पंखा," तो म्हणाला. "घरी पण हेच. मे महिन्यात आम्ही घामाने निथळतोय आणि ही चादर डोक्यावरून घेऊन. बंद करा रे तो, मेली मी गारठून. बाप म्हणायचा, रखमा, तू काय बर्फाची बनलीस काय गो? रोज भांडण. रोज." त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. "नाव घेतलं असं सांगितलं असतं ना तुम्ही, तर मला पटलं नसतं. तिने कधी नावाने हाक मारलीच नाही मला. अरे ए, एवढंच."

संजीवनी टेबलावरच्या दोन पेल्यांकडे बघत होती. आयसीयूच्या बाहेर लोखंडी बाक होतं. आत थांबू देत नाहीत. ती त्या बाकावर बसली होती, तिचा नवरा विनीत चहा आणायला खाली गेला होता, आणि काचेचं दार ढकलून एक सिस्टर बाहेर आली होती. हिंदुरावांचे कोण आहेत? त्या सिस्टरचा चेहरा तिने बघितला नव्हता. नंतर कागद होते, सह्या होत्या, गाडी ठरवायची होती, गावाकडे साताऱ्याला फोन करायचे होते. महिनाभर लोक येत होते आणि काय झालं, कसं झालं असं विचारत होते, आणि ती सांगत होती. तिने मात्र कोणालाच काही विचारलं नव्हतं.

"ती बाळंतीण?" राजेंद्रने विचारलं.

"वाचली."

"बरं झालं." रुमालाची घडी घालत तो पुन्हा म्हणाला, "बरं झालं."

नरेंद्र परत आले ते घामाघूम होऊन. "लाईट गेले होते तिथले. इन्व्हर्टरवर काढून दिल्या, दुप्पट घेतले मेल्याने. काय, झाली का मारामारी?"

राजेंद्रने हात पुढे केला. "आणा, सही करतो."

"पुढे चालू?"

"पुढे चालू. मला आता काही विचारायचं नाही."

"देव पावला." नरेंद्रांनी तिन्ही प्रती त्याच्यापुढे सरकवल्या, तो सही करत असताना कागदाचं टोक धरून ठेवलं, आणि मग त्याच प्रती स्वप्नालीपुढे केल्या. "घ्या बाई. मी तुमच्या विरुद्ध बाजूचा माणूस, मी बोलू नये, पण कागद सगळे तुमच्या बाजूचे आहेत. सही करा आणि मोकळ्या व्हा."

स्वप्नालीने पेन घेतलं. टोपण काढलं. आपल्या नावाखालच्या रिकाम्या रेघेकडे ती बघत राहिली आणि मग तिने टोपण परत लावलं.

"नव्याने होऊ दे," ती म्हणाली.

"काय?" नरेंद्रांनी एकदा तिच्याकडे, एकदा राजेंद्रकडे बघितलं. "मी झेरॉक्सला गेलो होतो की काशीला? आता हे पुढे चालू म्हणतायत तर तुम्ही नव्याने?"

"मला परत जबाब द्यायचाय."

"अहो, नव्याने म्हणजे काय माहीत आहे ना? अजून वर्षभर पॅकिंग. आणि निकाल काय लागेल सांगता येत नाही."

"माहीत आहे, साहेब."

"सिस्टर," राजेंद्र म्हणाला, "माझ्यासाठी नका करू. मी कोणाला काही सांगणार नाही."

"तुमच्यासाठी नाही, दादा."

नरेंद्र आता संजीवनीकडे वळले. "ताई, तुम्ही तरी समजवा. एवढं मन लावून केलेलं साहेबांचं काम फुकट जाईल. आत्ता तुम्हीच म्हणत होता."

संजीवनीने ते तांबडं गाठोडं आपल्याकडे ओढून घेतलं. कापडाच्या एका टोकावर शाईचा ठिपका होता. गाठ फार घट्ट होती. ती सोडायचा प्रयत्न तिने केला नाही. थोडा वेळ मांडीवर ठेवून तिने ते नरेंद्रांच्या हातात दिलं.

"घेऊन जा, नरेंद्रभाऊ. नव्याने लिहा."

"नक्की?"

"ते जजसाहेब सोडून यादीत दुसरं कोण आहे?"

"आहेत एक मेट्रनबाई. रिटायर्ड. उल्हासनगरलाच असतात. पण त्यांना कोणी देत नाही प्रकरण. फार हळू चालतात. ज्याचं त्याचं ऐकत बसतात."

"त्यांना नेमा."

"ते काय माझ्या हातात आहे?" नरेंद्र म्हणाले. मग त्यांनी मिशीखालून हसल्यासारखं केलं. "निबंधकांच्या कानावर घालू शकतो फार तर. पण याला काय म्हणतात माहीत आहे ना, ताई? वशिला. साहेबांच्या मुलीने, साहेबांच्या घरात बसून. साहेबांनी ऐकलं असतं तर तुमचा चहा बंद केला असता."

"चहा राहिलाच," संजीवनी एकदम उठली. "बसा सगळे. दहा मिनिटं."

चहा झाला. नरेंद्रांनी दोन कप घेतले. राजेंद्रने बशीत ओतून प्यायला आणि स्वप्नालीने कप विसळायला आत नेला तेव्हा संजीवनीने तिला अडवलं नाही. मोरीपाशी दोघी उभ्या राहिल्या. संजीवनीला काहीतरी विचारायचं होतं. आयसीयूत रात्री किती सिस्टर असतात, असं काहीतरी. तिने नुसतं फडकं पुढे केलं.

जाताना फाटकाशी राजेंद्र स्कूटर वळवत म्हणाला, "सिस्टर, सोनिवलीपर्यंत सोडू का?"

"अहो!" नरेंद्र दप्तर काखेत धरून जवळजवळ धावलेच. "तुम्ही विरुद्ध पक्ष आहात! एका स्कूटरवर? कोणी बघितलं तर नव्या बाई मलाच फाडून खातील."

"मी रिक्षाने जाते," स्वप्नाली म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

ते तिघे तीन दिशांना गेल्यावर संजीवनी आत आली. फोटोसमोर थोडी रेंगाळली. हार बदलायला झाला होता. तिने तो काढला, फोटोची काच पदराने पुसली, आणि मग टेबलावरचा फोन उचलून हॉस्पिटलच्या पावतीवरचा नंबर लावला. बराच वेळ रिंग गेली.

"बोला."

"मला आयसीयूच्या सिस्टरशी बोलायचंय. गेल्या महिन्यात माझे वडील तिथे होते. हिंदुराव. ते गेले त्या रात्री ड्यूटीवर कोण होत्या, तेवढं कळलं तर..."

पलीकडचा आवाज एकदम सावध झाला. "काय झालं मॅडम? कंप्लेंट आहे का काही?"

"नाही, नाही," संजीवनी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "तक्रार नाही. ते काही बोलले का, एवढंच विचारायचंय."